झुबकीची शेंग आणि शाळेची बस

एक होती खार. एवढीशी. तिचं नाव झुबकी.

झुबकीला मिळाली भुईमुगाची शेंग. तिची तिने शोधलेली, पहिलीवहिली. पण शेंग हातातून निसटली. टप टप टप. घरंगळत गेली थेट शाळेच्या बसखाली. मागच्या चाकामागे जाऊन बसली.

बस उभी होती. शेंग दिसत होती. झुबकीचे पाय शिवशिवले.

पण आईने बजावलं होतं. बस उभी असली तरी बसखाली जायचं नाही. खाली गेलेलं पिल्लू ड्रायव्हरकाकांना दिसत नाही.

"नाही म्हणजे नाही," झुबकी म्हणाली. आणि चढली भिंतीवर. काकांना दिसेल अशी.

तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट झुबुक.

"काका, काका, बस हलवा ना. माझी शेंग मिळेना."

काका म्हणाले, "मावशींची थाप वाजल्याशिवाय मी बस हलवणार नाही."

मावशी मुलांना सांभाळायच्या. त्यांनी पत्र्यावर थाप मारली, धप धप, की मगच बस निघायची. रोजची रीतच होती ती.

तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट झुबुक.

"मावशी, मावशी, थाप मारा ना. बस काही हलेना, माझी शेंग मिळेना."

मावशी म्हणाल्या, "दार लागल्याशिवाय मी थाप मारणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट झुबुक.

"दारा, दारा, लाग ना. थाप काही वाजेना, बस काही हलेना, माझी शेंग मिळेना."

दार म्हणालं, "सगळी मुलं बसल्याशिवाय मी लागणार नाही."

सगळी बसली होती. एकटी रेवा उभी. खिडकीला नाक लावून.

तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट झुबुक.

"रेवा, रेवा, सीटवर बस ना. दार काही लागेना, थाप काही वाजेना, बस काही हलेना, माझी शेंग मिळेना."

रेवा म्हणाली, "आजोबांनी टाटा केल्याशिवाय मी बसणार नाही."

आजोबा भिंतीपाशी उभे होते. एका हातात छत्री. दुसऱ्या हातात पट्टा. पट्ट्याला हिसके देणारा ढब्ब्या कुत्रा.

तुरुतुरु तुरुतुरु, शेपूट झुबुक.

"आजोबा, आजोबा, टाटा करा ना. रेवा खाली बसेना, दार काही लागेना, थाप काही वाजेना, बस काही हलेना, माझी शेंग मिळेना."

आजोबा म्हणाले, "ढब्ब्या शांत झाल्याशिवाय माझा हात मोकळा होणार नाही."

तुरुतुरु... जरा हळू. शेपूट झुबुक.

"ढब्ब्या, ढब्ब्या, शांत हो ना. टाटा काही होईना, रेवा खाली बसेना, दार काही लागेना, थाप काही वाजेना, बस काही हलेना, माझी शेंग मिळेना."

ढब्ब्या म्हणाला, "भू भू! डोळ्यांसमोर खार नाचतेय. ती झाडावर गेल्याशिवाय मी शांत होणार नाही."

घ्या! घोडं कुठे अडलं होतं? झुबकीपाशीच.

झाड होतं लांब. तिथून शेंग आणखी लांब. झुबकीला फार वाईट वाटलं. तिने एकदा शेंगेकडे पाहिलं. मग सरसर सरसर, गेली झाडावर.

ढब्ब्याला झाडावर चढता येतंय कुठे? तो बसला शांत.

ढब्ब्या शांत झाला, आजोबांचा हात मोकळा झाला.

आजोबांनी टाटा केला, रेवा सीटवर बसली. हात खिडकीच्या आत.

रेवा बसली, दार लागलं. खाड्!

दार लागलं, मावशींनी थाप मारली. धप धप!

काकांनी या आरशात पाहिलं. त्या आरशात पाहिलं. चाकापाशी कोणी नाही.

घर्र घर्र घर्र. बस हलली.

आणि शेंग? होती तशीच. टपोरी.

झुबकी लगेच उतरली नाही. बस वळणाआड गेली. ढब्ब्याला घेऊन आजोबा घरी गेले. झुबकीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रस्ता रिकामा. मग टुपकन उतरली, शेंग उचलली आणि पुन्हा झाडावर, आईजवळ.

कट्! शेंग फुटली. आत दोन दाणे. एक झुबकीने खाल्ला. कुरुम कुरुम. दुसरा आईला दिला. आईने तो तोंडात टाकला आणि झुबकीला पोटाशी घेतलं.

बस पोचली शाळेत, दाणा पोचला पोटात, आणि झुबकी पोचली आईच्या कुशीत.