रिकाम्या बाकाला ताकीद

मैना गुरव आईबरोबर पापड लाटायची. पापडखारानं तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या, त्यामुळे कॉलेजचं हजेरीयंत्र तिला ओळखायचंच नाही. ते यंत्र सुरू करायलाही प्राचार्य खासनीसांना शिपाई लागायचा, पण विश्वास मात्र यंत्रावरच.

"पंधरा दिवस गैरहजर. परीक्षेला बसता येणार नाही."

"सर, तुमच्या तासाला मी रोज पहिल्या बाकावर होते."

"यंत्र खोटं बोलत नाही."

मैनानं त्यांच्याच सहीची नोटीस पुढे ठेवली. त्याच पंधरा दिवसांत, तासाला उलट उत्तरं दिल्याबद्दल तिला तीनदा ताकीद मिळाली होती.

"मग तीनदा रिकाम्या बाकावर ओरडलात, एवढं लिहून द्या सर. मी परीक्षा सोडते."

खासनीसांनी हॉल तिकिटावर सही केली. अंगठा मागितला नाही.