गुरुजींनी कानाला न लावलेला हेडफोन

एकदा एका तबल्याच्या शिष्येला असा साक्षात्कार झाला, की आपले कान गरीब आहेत.

शिष्येचं नाव ऋजुता. सकाळी कॉलेज, संध्याकाळी गुरुजींकडे तबला आणि जेवणानंतर चार मित्रांसोबत संगणकावर घनघोर युद्ध, असा तिचा नित्यक्रम होता. युद्ध पडद्यावरच्या एका पडक्या किल्ल्यात चाले. शत्रू दबक्या पावलांनी मागून येई. त्याची चाहूल घ्यायची आणि बाकीच्यांना सावध करायचं, हे काम ऋजुताकडे होतं. आणि गेले कित्येक डाव हे पथक नेमकं तिच्याच बाजूनं मार खात होतं.

रविवारी कॉलेजांची स्पर्धा होती. पथकाचा नायक शार्दूल स्वभावानं सरळ. त्यानं सांगूनच टाकलं, "ऋजू, रविवारी पण असंच झालं ना, तर तुझ्या जागी दुसरं कुणीतरी बघावं लागेल. राग मानू नकोस." राग तिनं मानला नाही, पण धसका घेतला. खेळ सुटला असता तर तिला चाललं असतं. पण ते चौघं तिच्या जिवाभावाचे होते, आणि त्यांच्यातली जागा जाणं तिला सोसणार नव्हतं.

शेवटी ती गुरुजींना शरण गेली.

"गुरुजी, हेडफोन घ्यायचाय. माझ्याकडे दोन हजार आहेत आणि मला हवाय तो आठ हजारांचा आहे. घरी मागू का?"

"त्यानं काय साधेल?"

"शत्रूची पावलं लवकर ऐकू येतील. माझ्या जुन्या इअरफोनमध्ये काही दमच नाही."

इतक्यात तिच्या पाठीमागे, दाराशी कुणीतरी चपला काढल्या. "कोण आलं गं?" गुरुजींनी विचारलं.

"पेटीवाले काका," ऋजुता मान न वळवता म्हणाली. "उजवा पाय घासत चालतात ते."

पेटीवाले काकाच होते. गुरुजी मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "चल, दुकानात जाऊ."

दुकानदार मोठा उत्साही गृहस्थ. त्यानं सगळ्यात महागडा हेडफोन देव्हाऱ्यातून मूर्ती काढावी तसा काढला. त्याच्या दोन्ही कानांवर निळे-जांभळे दिवे लुकलुकत होते. "काका, यात सात दिशांनी आवाज येतो!"

"देवानं कान मात्र दोनच दिले," गुरुजी म्हणाले. "आणि हे दिवे कशासाठी?"

"भारी दिसतात ना!"

"घालणाऱ्याला दिसतात?"

दुकानदारानं हेडफोन उलटसुलट करून पाहिला. या दिव्यांचं प्रयोजन त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मग गुरुजींनी जे केलं ते पाहून ऋजुताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी दुकानातल्या संगणकावरून स्वतःच्या मोबाइलला फोन लावून घेतला, ऋजुताला म्हणाले, "एकेक हेडफोन घाल आणि तबल्याचे बोल म्हण," आणि स्वतः मोबाइल कानाला लावून रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. आलं-लिंबू घातलेला उसाचा रसही मागवला. तिथे चरकाची घुंगरं वाजत होती, रस्त्यावर रिक्षा कोकलत होत्या, दुकानात पंखा घरघरत होता, आणि या सगळ्यात ऋजुता भर गिऱ्हाइकांसमोर म्हणत होती, "धा धा तिरकिट धा धा तू ना!"

दिव्यांचा हेडफोन झाला. पलीकडून गुरुजींनी हात हलवला, नाही. दुसरा झाला. नाही. तिसऱ्याला त्यांनी कान दुखल्यासारखं तोंड केलं. दुकानदाराला राहवेना. तो माइकजवळ वाकून ओरडला, "अहो काका, एकदा ऐकून तर बघा!"

"तेच तर करतोय," हेडफोनमधून उत्तर आलं.

शेवटी ऋजुतानं एक साधा काळा हेडफोन घातला. त्याला ना दिवे ना दिशा. ओठांपाशी वळवता येईल अशी माइकची बारीक दांडी तेवढी होती, आणि किंमत तिच्या ऐपतीतली. तिनं "तिरकिट" म्हणताच गुरुजींनी ग्लास खाली ठेवला आणि मैफलीत द्यावी तशी "वा!" म्हणून दाद दिली. ती फोनशिवायही दुकानात ऐकू आली.

गुरुजी परतले ते तिच्यासाठी रस घेऊनच. ऋजुता मात्र फुरंगटली होती. "गुरुजी, तुम्ही तर एकही कानाला लावला नाहीत. मग हाच चांगला कशावरून?"

"हरल्यावर तुझे मित्र काय म्हणतात?"

"म्हणतात, सांगितलं का नाहीस! मी सांगितलेलं असतं हो! तेव्हा नुसतं 'काय? काय?' करतात. लक्षच नसतं त्यांचं."

"लक्ष असतं, म्हणून तर विचारतात," गुरुजी म्हणाले. "तू त्या जुन्या वायरीवरून मला फोन करतेस, तेव्हा मला तुझ्यापेक्षा तुझ्या ओढणीची खसखसच जास्त ऐकू येते. अगं, पेटीवाल्यांची चप्पल तू पाठमोरी ओळखलीस. तुझ्या कानांना काय धाड भरलीय? तुला ऐकू येतं, ते चौघांपर्यंत पोचत नाही. साथीला बसणाऱ्याचं ऐकणं त्याच्या एकट्याचं नसतं, बाळ. म्हणून ज्यांना तुझं ऐकायचंय त्यांच्या जागी मी जाऊन बसलो. ज्यातून तुझं तिरकिट अक्षर न् अक्षर सुटं आलं, तो तुझा. आता तूही ऐकून घे. पाऊल डावीकडे वाजलं की उजवीकडे, एवढं कळलं म्हणजे पुष्कळ. आणि तुझ्या चष्म्याच्या काडीवर दाबत नाही ना, तेही बघ."

तिनं ऐकलं. डावं-उजवं स्वच्छ कळत होतं आणि काडीही बोचत नव्हती.

"यंत्राचं काम झालं," गुरुजी म्हणाले. "उरलेलं फुकट आहे. घाबरलीस की तू सगळे बोल एका श्वासात गिळतेस, तबल्यावरसुद्धा. आधी दिशा सांग, मग घाबर."

ऋजुता इतकी हसली की तिला रसाचा ठसका लागला.

रविवारी पडक्या किल्ल्यात पुन्हा तीच दबकी पावलं वाजली. शब्द ऋजुताच्या ओठांपर्यंत गर्दी करून आले. तिनं त्यांना एकामागून एक सोडलं. "डावा जिना. खाली. दोघं." आणि मग ती मनसोक्त घाबरली. चौघंही एकदम डावीकडे वळले. "काय?" असं कुणीच म्हटलं नाही.

स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला आणि आरडाओरडा मात्र पहिला आल्यासारखा झाला. त्या गोंधळातून शार्दूलचा आवाज आला, "ऋजू, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला स्पर्धा आहे. येशील ना आमच्यात?"

ती "हो" म्हणाली, आणि ते चौघांनाही पहिल्याच खेपेला ऐकू गेलं.