पासंगाचा खडा

वस्तू बोलत असत, त्या काळची गोष्ट. तांदूळ विकणाऱ्या आग्नेसमावशीचा तराजू ज्याला त्याला नावं ठेवायचा. तांदळातून निवडून टाकलेल्या खड्याला तो म्हणाला, "तू तर माझ्या पासंगालाही पुरणार नाहीस!"

एके दिवशी तराजूच्या पारड्याचा टवका उडाला. तो रिकामाच एका बाजूला कलू लागला.

"खोटा झाला बिचारा, आता भंगारात द्यायचा," मावशी हळहळली.

"मावशी, हलक्या पारड्याला मला बांध ना," खडा म्हणाला. मावशीने प्रभूचं नाव घेऊन बांधला. दांडी सरळ झाली.

"मी तुला एवढं हिणवलं, तरीही?" तराजू पुटपुटला.

"अरे, तू कलला होतास. तेव्हा तुझं बोलणं काय तोलत बसू?"

दुसऱ्या दिवशी पारड्यात तांदळाची तुटकी कणी आली. तराजू म्हणाला, "ये गं बाई, नीट बस."