हातचं राखलेलं पान

एका राज्यात एक राजा होता, त्याला गोष्टी नकोत, गाणी नकोत. त्यानं ग्रंथघर बांधलं ते खऱ्या विद्येच्या पोथ्यांसाठी. पाणी कुठे लागतं, ढोर कसं बरं होतं, बाळंतीण कशी सोडवावी, मीठ कसं पिकवावं. जाणत्यांनी येऊन सांगावं, लेखकांनी उतरवावं.

जाणते आले, सांगून गेले. पण त्या मुलखाची रीतच अशी, की कसबी माणूस पुरतं सांगत नसे. एक गोष्ट हातची राखायची, ती मरताना आपल्याच पोराच्या कानात घालायची. म्हणून प्रत्येक पोथीचं शेवटचं पान कोरं राहिलं.

ग्रंथघर रचणाऱ्या मांत्रिकानं बजावलं होतं, "अपुरी पोथी उपाशी असते, महाराज." राजानं ते हसण्यावारी नेलं. दार लावलं त्याच दिवशी दाराला आपोआप तीन गाठी पडल्या, आणि जे जे लिहिलं ते ते माणसांच्या हातांतून गेलं. उरलं फक्त राखलेलं. राजानं दारावर कुऱ्हाड घातली, ती मेणासारखी वितळली.

विहिरी आटल्या. गोठे ओस पडले. सगुणा सुईणीला आडवं मूल फिरवता येई, तेच तिनं राखलेलं, पण रक्त थांबवायचं कसं ते गेलं. वर्षात सात बाळंतिणी तिच्या मांडीवर गार झाल्या. आणि तिच्या लेकीला, हौसाला, नववा लागला होता.

सगुणा ग्रंथघराशी गेली. उंबऱ्यावर साळुंकी बसली होती.

"गाठी कशानं सुटतील, बाई?" सगुणानं तिला विचारलं.

"राखलेल्या बोलांनी. पाण्याचा आण, ढोरांचा आण. तिसरा मग सांगेन."

सगुणा पाणी शोधणाऱ्या येसाजी पाणाड्याकडे गेली. तो म्हणाला, "माझ्या पोराला दिलं नाही, ते तुला देऊ? तू कोण लागतेस माझी?"

"तुझ्या पोराची नाळ मी कापली. आता घागर घेऊन कुठे हिंडतो तो?"

येसाजीनं तिला जवळ बोलावलं. मग उंबराच्या कुठल्या अंगाला खणायचं ते तिच्या कानात बोलला. गुरांच्या वैदूनं, कोंडाजीनं, तीन दिवस दारात उभं केलं. त्याची स्वतःची शेवटची गाय तापानं मेली तेव्हा बोलला, फुगलेल्या ढोराला कुठे टोचायचं ते.

सगुणानं ग्रंथघराशी येऊन दोन्ही बोल सांगितले, दोन गाठी सुटल्या.

"तिसरा?"

"तुझा," साळुंकी म्हणाली.

सगुणा उंबऱ्याशी बसली. "हाही गेला तर? एवढाच उरलाय. हौसाचं मूल आडवं आलं तर मी काय करू?"

"ते मला ठाऊक नाही."

सकाळची दुपार झाली. साळुंकी म्हणाली, "तुझ्या घरी कळा सुरू झाल्या." सगुणानं पदर तोंडात धरला. दुपार कलली. साळुंकी म्हणाली, "मूल झालं. सरळ आलं. रक्त थांबत नाही."

तेव्हा सगुणा बोलली. भडाभडा सगळं बोलली. गाठ सुटली, दार उघडलं, कोरी पानं भरली, आणि तिच्या हातांना सगळं आठवलं. कुठे दाबायचं, किती वेळ दाबायचं. ती धावत सुटली.

शेजारणीच्या ओच्यात नात रडत होती. हौसा निजल्यासारखी दिसत होती. सगुणानं तिच्या पोटावर हात दाबून धरले, शिकल्याप्रमाणे, मोजून. दिवेलागणीला लोकांनी ते हात हौसाच्या गार अंगावरून उचलले.

विहिरींना पाणी आलं, गोठे भरले. राजानं फर्मान काढलं, की पोथ्या बांधून ठेवायच्या नाहीत, रोज पाणवठ्यावर मोठ्यानं वाचायच्या, शेवटच्या पानासकट. शाप सरला, राज्य सावरलं.

हौसासाठी राखलेलं हौसाला लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी कुंभाराच्या सुनेचं मूल आडवं आलं. सगुणानं सगळ्या बायांना आत बोलावलं, दार उघडं ठेवलं, आणि मूल फिरवताना एकेक गोष्ट मोठ्यानं सांगत गेली. सांगताना नात तिच्या पाठीला बांधलेली होती.