लाल व्हायची राहिलेली चिंबोरी

सकाळचे सव्वासात वाजले. एसटी आली. पों पों!
हिरूमावशीनं घाईघाईनं आपण छापलेल्या चित्रांचा गठ्ठा एसटीत ठेवला. गेली एसटी, गावोगावी.
वाळत घातलेलं एकच चित्र दोरीवर राहिलं.

चित्रात निळा समुद्र. काळी होडी. होडीत कोळीदादा. आणि जाळ्यात इवलीशी चिंबोरी, खेकड्याची पोर.
पण ती पांढरीफट्ट!
एकेका रंगाचा एकेक लाकडी ठसा. निळा उमटला, काळा उमटला. लाल मात्र मावशी विसरलीच.

"काय गो बाय, पिठात पडलीस काय?" कोळीदादा हसला.
चिंबोरीला रडूच आलं. ती चित्रातून उतरली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"ठसादादा, ठसादादा, मी लाल होईना. उमट ना!"
"मी कोरडा. रंग लावायचा रूळ फिरला तर उमटेन."
तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"रूळदादा, रूळदादा, ठसा उमटेना, मी लाल होईना. फिर ना!"
"फिरू कशात? रंग पसरला तर फिरेन."
तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"रंगदादा, रंगदादा, रूळ फिरेना, ठसा उमटेना, मी लाल होईना. पसर ना!"
"मी घट्ट गोळा. तेल पडलं तर पसरेन."
तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"तेलताई, तेलताई, रंग पसरेना, रूळ फिरेना, ठसा उमटेना, मी लाल होईना. पड ना!"
"मी बाटलीत. मावशीनं ओतलं तर पडेन."
तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"मावशी, ओ मावशी! तेल पडेना, रंग पसरेना, रूळ फिरेना, ठसा उमटेना, मी लाल होईना. ओत ना!"
मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! एसटीच्या घाईत विसरले गं. चुकलं माझं."

मावशीनं तेल ओतलं. थब थब.
रंग पसरला. चप चप.
रूळ फिरला. सर्र सर्र.
चिंबोरी टुणकन चित्रात बसली.
ठसा उमटला. दाब दाब, दाब!
चिंबोरी लाल! लालचुटूक!

"हसलो ते चुकलं गो बाय," कोळीदादा म्हणाला.
पण चिंबोरी हसेना.
"मावशी, गठ्ठ्यातल्या माझ्या बहिणी?"
मावशीनं डोळे पुसले पदरानं.
"गेल्या गं. पांढऱ्याच गेल्या."

बाळांनो, कुणाच्या भिंतीवर कोळीदादाचं चित्र दिसलं, तर जाळ्यात नीट बघा हं. चिंबोरी पांढरी असली, तर त्या घरच्यांना सांगा. शेजारच्यांना सांगा, मामाच्या गावीही सांगा: हिरूमावशी वाट बघतेय. चित्र घेऊन या. लाल ठसा तयार आहे.