एकोणीस पानांचं स्वागत

अठरा जून, गुरुवार. आभाळ भरलेलं, पाऊस नाही, उकाडा फार. वडखेड गावातल्या महाविद्यालयात प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, आणि इतिहासाचे प्राध्यापक टोणगावकर यांचा सत्कारही होता.

प्राचार्यांनी त्या वर्षी एक माप काढलं होतं. प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या विषयाचं पत्रक लिहायचं. ते सर्व तऱ्हेच्या विद्यार्थ्यांना किती सामावून घेतं, हे पंचवीस प्रश्नांनी तपासायचं. टोणगावकरांनी प्रश्न आधीच मिळवले आणि एकेक उत्तर पत्रकात बसवलं. एकोणीस पानं झाली. 'स्वागत' हा शब्द एकतीस वेळा आला. गुण पडले चोवीस, सगळ्यांत जास्त; सत्कार त्याचाच होता. इतिहासाच्याच दुसऱ्या तुकडीच्या लांजेवार बाईंचं पत्रक एका पानाचं, हाताने लिहिलेलं. त्यांना नऊ.

साडेचारला अंगणवाडी सेविका गयाबाई आल्या. बारावी होऊन वीस वर्षं झालेली. आज नाव नोंदलं नाही तर हेही वर्ष जाणार होतं. बाकावर बसून त्यांनी एकोणीसही पानं वाचली.

"सर, माझं स्वागत आहे हे पानोपानी कळलं. यायचं कधी ते नाही कळलं. मी चारपर्यंत कामावर असते."

"नोकरी करणाऱ्यांना सवलत आहे, ताई. पान अठरा. आज नाव नोंदवायचं आणि सवलतीसाठी सोमवारी सकाळी अकराला स्वतः येऊन अर्ज द्यायचा."

"अकराला येता येत नाही, हे सांगायला अकराला यायचं?"

सरांनी खांद्यावरची सत्काराची शाल सावरली. "नियम सर्वांना सारखा आहे."

"मग तेवढी एक ओळ बदला की."

"बदलली तर पुन्हा तपासणी होईल. चोवीसचे तेवीस झाले म्हणजे?"

गयाबाईंनी पत्रक नीट घडी घालून परत दिलं आणि शेजारच्या खोलीत गेल्या. लांजेवार बाईंच्या पानाच्या शेवटी लिहिलं होतं, 'कोणाला काय जमणार नाही ते इथे लिहा.' खाली चार ओळी कोऱ्या. गयाबाईंनी लिहिलं, 'चारच्या आत येणं.'

बाईंनी वाचलं. "बरं. आपला तास साडेचारला."

पाच वाजून दहा मिनिटांनी गयाबाईंचं नाव लांजेवार बाईंच्या यादीत लागलं. टोणगावकरांचा हुकलेला गुण पंचविसाव्या प्रश्नाचा होता: 'हे पत्रक एखाद्या विद्यार्थ्याला वाचायला दिलं होतं का?'

तात्पर्य: दार किती उघडं आहे, ते बाहेर उभ्या असलेल्याला विचारावं.