घुंगरमाळ कुणाच्या गळ्यात?

सोमवारी माझ्या लेकीच्या, रेवाच्या, इटलीतल्या नव्या शाळेत बाईंशी मला इटालियन बोलायचंय. भलत्याच अक्षरावर जोर दिला तर? रात्रभर झोप नाही. सकाळी रेवालाच गोष्ट रचून सांगितली.

फार पूर्वी इटालियन शब्दांची अक्षरं बैलांसारखी ओळीनं चालत. ज्याच्यावर जोर, घुंगरमाळ त्या एकाच्याच गळ्यात. ‘मी बोलतो’ला पुढचा पार् छमछमायचा: पार्-लो! ‘ते बोलतात’ला शेपूट वाढलं, तरी माळ त्याचीच: पार्-ला-नो!

मग आलं ‘आम्ही बोलतो’: पार्-ल्या-मो!

“दादा, आता माळ मला,” मधला ल्या म्हणाला.

“हट्! पुढे मी आहे.”

शब्द जागीच अडला! शेवटी पार्‌नं मान झुकवली. ल्या असा छमछमला की सगळे धावतच सुटले!

रेवा म्हणाली, “आई, सोमवारी माळ मला दे. बाईंशी मीच बोलते.”